पूर्वेचा खांब

सपरगुल आली ती नऊ नान घेऊन, आणि बसा म्हणायच्या आधीच बसली.

"माझ्या नवऱ्याला बोलता करा," ती म्हणाली. "चोराचं नंतर बघू."

रोझमत खिडकीशी पेंगत होता. खीवा शहराच्या तटाबाहेर, न्हाव्याच्या दुकानामागे बिकाजानची एक खोली होती. तिच्या खिडकीतून तटाची पिवळी माती आणि तिच्यावर एका मनोऱ्याचे निळे टोक एवढेच दिसायचे. एप्रिलच्या दुपारी ते टोक उन्हात विरघळल्यासारखे वाटे आणि रोझमतचे डोळे आपोआप मिटत. ताज्या नानांच्या वासाने मात्र ते उघडले.

बिकाजान त्याची थोरली बहीण, त्याची ओपा. तीस वर्षे तिने सरकारी मोजणीदार म्हणून शेतांच्या बांधांवर साखळी ओढली. निवृत्त झाल्यावर लोक आधी हद्दीचे तंटे घेऊन आले, मग हरवलेल्या शेळ्या घेऊन, मग हरवलेले नवरे घेऊन. शेवटी तिने दारावर पाटीच लावली. रोझमत तीस वर्षे मिनीबस चालवत होता. कुठे थांबायचे हे त्याला बरोबर कळे, का थांबायचे हे कळत नसे. बहिणीबरोबर हिंडायला एवढे पुरत होते.

सपरगुलने हकीकत सांगितली ती अशी. तिचा नवरा उस्ता मदरीम, तटाच्या आतल्या जुन्या शहरातला लाकडावर कोरीवकाम करणारा सगळ्यात मोठा कारागीर. आतले शहर म्हणजे संरक्षित भाग. तिथे परवान्याशिवाय खिळाही ठोकता येत नाही. दहा दिवसांपूर्वी राजधानीतून तपासणीची समिती आली. त्यांनी जुन्या इमारतींच्या लाकडाच्या बारीक काड्या काढून वय तपासले. तुतीच्या मशिदीच्या ओसरीला दोन कोरीव खांब आहेत, दोन्ही अडीचशे वर्षांचे. पैकी पूर्वेचा खांब नवा निघाला. झाड तोडून दहा वर्षेही झालेली नव्हती. कोणीतरी काळपट रंग देऊन हुबेहूब नक्कल उभी केली होती आणि जुना खांब पळवला होता.

"आणि दप्तरात त्या खांबावर शेवटचं काम कोणाचं? ह्यांचं," सपरगुल म्हणाली. "तीन वर्षांपूर्वी ह्यांनी कुजलेलं बूड कापून जोड दिला होता. झालं. गुरुवारी सुनावणी आहे. परवाना जाणार, वर तुरुंग. आणि हे तोंडाला कुलूप लावून बसलेत."

"समितीसमोरही बोलले नाहीत?"

"समितीने ह्यांना खांबापाशी नेलं. ह्यांनी हात ठेवला, आणि विस्तवाला लागल्यासारखा मागे घेतला. सगळ्या मोहल्ल्याने बघितलं. त्या क्षणापासून बोलणं बंद. चाळीस वर्षं हा माणूस माझ्यापेक्षा लाकडाशी जास्त बोलला, ते मी सहन केलं. आता लाकडाशीही बोलत नाही, ते मात्र मला बघवत नाही."

तिने डोळे पुसले आणि नानांवरचा रुमाल नीट केला. बिकाजानने मोजणीची फीत खिशात टाकली. सोमवार होता.

*

उस्ता मदरीम अंगणात खाटेवर बसले होते, हात गुडघ्यांवर. जर्दाळूच्या पाकळ्या त्यांच्या टोपीवर आणि खांद्यांवर पडत होत्या, ते त्या झटकत नव्हते. बिकाजानने बरेच काही विचारले. शेवटी ते एवढेच म्हणाले, "लाकूड कोणी कोरलंय ते मी ओळखलं. पुढचं विचारू नका."

"म्हणजे तुम्ही नाही कोरलं?"

त्यांनी डोळे मिटले.

बाहेर पडल्यावर रोझमत म्हणाला, "ओपा, हा माणूस कोणाला तरी पाठीशी घालतोय."

"हे तुला कळलं म्हणजे आख्ख्या शहराला कळलं असेल," बिकाजान म्हणाली.

*

तुतीच्या मशिदीच्या अंगणात पोहोचले की आवाज मागे राहतात. तट, गल्ल्या, फिरायला आलेल्यांची गडबड सगळे बाहेर, आणि आत तुतीची गार सावली. ओसरीचे दोन खांब दोन माणसांच्या उंचीचे, खाली घड्यासारखे फुगीर, वर निमुळते होत गेलेले. बुडापासून माथ्यापर्यंत वेलबुट्टी. रोझमतने लहानपणी दोन्ही खांबांना मिठ्या मारून गिरक्या घेतल्या होत्या. आता पूर्वेच्या खांबाकडे बघताना त्याला आपलेच लहानपण कोणीतरी बदलून ठेवल्यासारखे वाटले, आणि त्याला राग आला.

दोन पाकोळ्या सारख्या येत-जात होत्या. चोचीतून ओली माती आणून पूर्वेच्या खांबाशेजारी तुळईला लावत होत्या.

मशिदीचा राखणदार पोलवान बाबा पंचाहत्तरीचा. तो सतरंजी झाडत होता.

"ह्या वर्षी फार चिखल करतायत," तो कुरकुरला. "दर वर्षी नुसती शीट पडायची, आता मातीही. माझी मान काही वर होत नाही, काय चाललंय वर कोण जाणे. पण खाली झाडायला मी."

बिकाजान खांबाच्या बुडाशी उकिडवी बसली. दगडी तळखडा आणि लाकूड ह्यांच्या मधून तिने पातळ सुरी घातली. आत नमदा होता, उंटाच्या लोकरीचा, पांढरा आणि नवा. एक नाही, दोन थर होते. ओल खाली राहावी म्हणून खांबाखाली नमदा घालायचा, ही इथली रीत. मागच्या भिंतीला गुडघाभर उंचीवर लोणा चढून खाराची पांढरी रेघ उठली होती. रोझमतने बोट लावून चाखले. खारट लागले.

"बाबा, ह्या हिवाळ्यात इथं काही काम झालं?"

"छपराचं झालं की. चिल्ल्यात." चिल्ला म्हणजे हिवाळ्यातले सगळ्यात कडक चाळीस दिवस. "छप्पर गळतंय म्हणून खात्याने समोरून फळ्या मारल्या, धिरे लावले. माणसं बाहेरगावची होती. मला काय दिसणार? चिल्ल्यात मी शेगडी सोडून उठतो होय?"

मग त्याने त्यांना खोलीत नेऊन चहा पाजला. भिंतीवर नातवाच्या लग्नाचा फोटो होता, गेल्या जूनमधला. ओसरीत पूर्वेच्या खांबाखाली नवरानवरी उभी, आणि सगळी वरात वर बघून हसत सुटलेली. नवऱ्याच्या नव्या टोपीवर पांढरा ओघळ होता.

"पिल्लं होती ना वर," बाबा म्हणाला. "खांबाच्या माथ्यावर घरटं, बरोबर त्याच्या डोक्यावर. म्हाताऱ्या म्हणाल्या, पाकोळीने आशीर्वाद दिला. आता बघ, जुळी झाली."

रोझमत पोट धरून हसला. बिकाजानने फोटो खाली उतरवून उजेडात नेला आणि बराच वेळ बघितला. मग आपल्यापाशी ठेवून घेऊ का म्हणून विचारले.

*

उस्तांचा शागीर्द जुमानझर सत्तावीस वर्षांचा. तो बंद दुकानात पटाशीला धार लावत बसला होता. धार केव्हाच लागली होती, तरी घासत होता.

त्याला विचारताना बिकाजानने आवाज खाली आणला. उस्तांकडे तो बाराव्या वर्षी आला, आईबाप नव्हते, उस्तांनीच वाढवले. गेल्या वसंतात त्याने परीक्षेचा खांब पूर्ण केला. इथली रीत अशी, की शागिर्दाने एकट्याने एखाद्या जुन्या खांबाची नक्कल कोरायची. तो खांब एक वर्ष मशिदीच्या कोठीत आडवा ठेवायचा. उन्हाळा-हिवाळा खाऊन तडा गेला नाही, तरच उस्ता त्याच्या कमरेला पट्टा बांधतो आणि मग तो स्वतः उस्ता होतो. वर्ष येत्या महिन्यात भरत होते.

"कुठल्या खांबाची नक्कल केली होतीस?"

"तुतीच्या मशिदीच्या. पूर्वेच्या."

रोझमतने बहिणीकडे बघितले. तिचा चेहरा पाटीसारखा कोरा होता.

"आणि तो आता कुठे आहे?"

"कोठीत," जुमानझर पटाशीकडे बघत म्हणाला. "असणार." त्याने पटाशी पुन्हा दगडावर घातली. "ओपा, उस्तांनी काही केलं असेल तर त्याला कारण असेल. गुरुवारी मी सांगेन की मी केलं. लिहून घ्या."

"लिहायला माझ्याकडे कागद नाही," बिकाजान म्हणाली. "आणि गुरुवार अजून लांब आहे. पटाशी ठेव खाली, बोट कापशील."

*

शोकिरचे हॉटेल तटाच्या दाराला लागून. त्याच्या नव्या अंगणात सहा कोरीव खांब सिमेंटमध्ये घट्ट रोवले होते. सातवा कोपऱ्यात ताडपत्रीत गुंडाळलेला. रोझमतची नजर त्यावर खिळली. शोकिरने ते पाहिले आणि स्वतःच ताडपत्री ओढली. खांब कच्चा, अर्धवट कोरलेला निघाला.

"मोहल्ल्यात मलाच चोर म्हणतायत, ठाऊक आहे मला," तो म्हणाला. "अहो, जुनं घेऊन मी काय करू? जुन्याला किडे असतात. पाहुण्यांना जुनं नको असतं, जुन्यासारखं हवं असतं. फुकट दिला तरी तो खांब मी घेणार नाही."

रोझमतला हे पटले आणि थोडे वाईटही वाटले. परत येताना भिंतींची सावली गल्लीत पसरली होती, वर निळ्या घुमटांवर मात्र ऊन तसेच होते. आपण आत्ता चालतो आहोत की मघाशी खिडकीशी लागलेली डुलकी अजून संपलेली नाही, हे त्याला नक्की सांगता आले नसते.

*

मंगळवारी ते एशजानकडे गेले.

एशजान संरक्षित भागाचा निरीक्षक. पन्नाशीचा, एकटा, बारीक चणीचा. चालताना त्याचा हात नेहमी भिंतीवरून फिरत असे. वीट नुसती पाहून तो तिचे शतक सांगे. छपरातला वासा बघून सांगे की हा कोणत्या खानाच्या काळात घातला. पोरे त्याला गंमतीने गल्लीत विटा दाखवत आणि तो दर वेळी खरे उत्तर देई.

त्याने चहा ओतला आणि सगळी फाइल समोर ठेवली. काही दडवले नाही. चिल्ल्यात छपराचे काम आपणच काढले, तेही त्याने सांगितले.

"उस्तांचं मला फार वाईट वाटतं," तो म्हणाला. "पण मी तरी काय करू? कागद बोलतो."

"भिंतीला लोणा चढलाय," बिकाजान म्हणाली.

एशजानचा पियाला हातातच राहिला. मग तो बोलायला लागला तो थांबेना. दोन वर्षांपूर्वी चौकाखालून नवी नळवाहिनी टाकली. ती पाझरते. पाणी विटांतून वर चढते, बरोबर खार आणते, खार लाकूड खाते. त्याने वर अकरा पत्रे लिहिली. अकरांची पोच आली, एकाचेही उत्तर नाही. उस्तांनी दिलेला जोडही पुन्हा मऊ पडायला लागला होता.

"अडीचशे वर्षं उभा राहिलेला खांब," तो म्हणाला, "आणि एका नळाने जावा? रात्रंदिवस माझ्या डोळ्यासमोर तेच असतं. माणसं येतात-जातात हो. हे परत होत नाही."

बिकाजानने कोठी बघायची इच्छा सांगितली. तो लगेच उठला. कोठी म्हणजे मशिदीच्या अंगणातच दार असलेली, मागच्या जुन्या मदरशाची एक खोली. खिडकी नाही, वर पक्क्या विटांचा घुमट, दाराला कुलूप. किल्ल्या तीन : एशजानची, पोलवान बाबाची, त्याच्या सतरंज्या तिथे असत म्हणून, आणि कारागिरांचा म्होरक्या म्हणून उस्तांची.

आत कोरडा, जुन्या लाकडाचा वास होता. पाच खांब आडवे, प्रत्येक नमद्यात गुंडाळून दोरीने बांधलेला. सगळ्यात आतला, जमिनीपासून उंच ओंडक्यांवर, खाली दुहेरी नमदा घातलेला.

"हा जुमानझरचा. बघा, सगळं यादीप्रमाणे जागेवर आहे," एशजान दारातून म्हणाला. "नवशिक्याचं काम आहे, त्यात बघण्यासारखं काही नाही."

बाकीच्यांची टोके घट्ट आवळलेली होती. ह्या एकाच्या माथ्यावर पोत्याचे ढगळ टोपडे होते, आत खरबूज ठेवावे तसे फुगलेले. रोझमतला खरबुजांची आठवण झाली. एप्रिलमध्ये खरबुजे कुठली, असा विचार करत तो त्याच्यावरून पलीकडे वाकला. त्याच्या बाहीला वाळक्या मातीचा भुगा लागला. त्यात गवताची काडीही होती.

"तुमची कोठीसुद्धा माती गाळते," तो बाही झटकत म्हणाला.

"छपराची माती," एशजान म्हणाला. "जुनी इमारत आहे, चालायचंच."

बिकाजानने वर बघितले, मग खाली बघितले, आणि उशीर झाला म्हणून निघाली. वाटेत तिने भावाला नान घेऊन दिला, ही गोष्ट ती क्वचितच करत असे.

"कळलं?" तिने विचारले.

"शोकिर नाही, हे कळलं," रोझमत म्हणाला.

"तेही काही कमी नाही," ती म्हणाली.

*

बुधवारी दुपारच्या नमाजानंतर तिने सगळ्यांना कोठीच्या दारापाशी बोलावले. उस्ता मदरीम आले, सपरगुलने त्यांना दंडाला धरून आणले होते. जुमानझर आला आणि त्यांच्यापासून लांब उभा राहिला. पोलवान बाबा पायरीवर बसला. एशजानने कुलूप उघडले. अंगणात तुतीची सावली हलत होती, त्यामुळे सगळ्यांचेच चेहरे सारखे बदलत असल्यासारखे दिसत.

"उद्या समितीसमोर बोलायचं ते आज इथं बोलते," बिकाजान म्हणाली. "चुकले तर इथंच अडवा."

तिने फोटो बाहेर काढला.

"हा गेल्या जूनचा. सगळे वर बघतायत, कारण खांबाच्या माथ्यावर पाकोळीचं घरटं आहे आणि त्यात पिल्लं आहेत. आज जा, बघा. माथा स्वच्छ आहे, मातीचा डागसुद्धा नाही. पाकोळ्या नव्याने घर बांधतायत. आपल्याकडे पाकोळी दर वर्षी आपल्या जुन्या घरी परत येते. हिला घर सापडलं नाही, कारण ज्या माथ्यावर ते होतं तो माथाच तिथं नाही."

"अगं बाई," सपरगुल हळूच म्हणाली.

"म्हणजे जूनपर्यंत जुना खांब जागेवर होता. उस्तांनी काम केलं तीन वर्षांपूर्वी. त्या कामाचा ह्याच्याशी संबंध नाही. खांब बदलला चिल्ल्यात, फळ्यांच्या आड, छपराला धिरे लावलेले असताना."

रोझमतला एक शंका आली आणि त्याने ती विचारली. "पण बदलायला दुसरा खांब तयार हवा ना, ओपा?"

"हवा. एवढा हुबेहूब खांब कोरणारी शहरात दोनच माणसं आहेत, आणि दोघंही मुकी झालीत. उस्तांनी हात ठेवला आणि मागे घेतला. का? ज्याने स्वतः बदलला तो दचकेल कशाला? ते दचकले, कारण त्यांनी हात ओळखला. तो ह्याचा होता." तिने जुमानझरकडे बोट केले. "ओसरीत उभा आहे तो जुमानझरच्या परीक्षेचा खांब. उस्तांना वाटलं, पोराने आपला खांब तिथं लावून जुना विकला. आणि पोराने आपलंच काम ओसरीत बघितलं, तेव्हा त्याला वाटलं, कोठीची किल्ली उस्तांकडे, म्हणजे हे उस्तांनीच केलं. दोघं एकमेकांसाठी गप्प बसले."

उस्ता आणि जुमानझर, दोघांनीही मान वर केली. मग दोघांनीही लगेच खाली घातली.

"पण मग," बाबा पायरीवरून म्हणाला, "पोराचा खांब ओसरीत, तर कोठीत काय पडलंय?"

"तेच मी कालपासून विचारतेय. रोझमतच्या बाहीला काल माती लागली. वाळकी, आत गवताची काडी. ह्या खोलीला खिडकी नाही, आणि वर बघा, घुमट पक्क्या विटेचा आहे. त्यात मातीचा कण नाही. तरी एक जण म्हणाला, छपराची माती. आता हे मी म्हटलं असतं, रोझमतने म्हटलं असतं, तर चाललं असतं. पण जो माणूस विटेकडे बघून शतक सांगतो, त्याला डोक्यावरचा घुमट मातीचा की विटेचा हे कळत नाही?"

रोझमतने एशजानकडे बघितले. त्याचा हात भिंतीवर होता.

"चोर खांब नेतो, तो गावाबाहेर नेतो," बिकाजान म्हणाली. "हा पंचवीस पावलंही गेला नाही. चोर त्याच्या जागी काहीतरी उभं करून पळतो. ह्याने नव्या खांबाखाली दुहेरी नमदा घातला. जुन्याखालीही दुहेरी नमदा, तोही सगळ्यात कोरड्या कोपऱ्यात. आणि एक चूक केली. खरं तर चूक म्हणवत नाही. घरटं खरवडून टाकलं असतं, तर जुना खांब नवशिक्याचा म्हणून जन्मभर इथं पडून राहिला असता. पण पाकोळीचं घर मोडायचं पाप त्याच्या हातून झालं नाही. त्याने त्यावर टोपडं घातलं. रोझमत, काढ रे ते पोतं."

रोझमत बाह्या सावरत पुढे झाला. त्याने पोत्याला हात घातला तसा एशजान मध्ये आला.

"थांबा," तो म्हणाला. "मी काढतो. तुमच्या हातून तुटेल."

एवढे बोलून तो स्वतःच थबकला. मग गुडघ्यांवर बसला आणि एकेक गाठ सोडवली. पोते बाजूला केले. काळपट झालेल्या जुन्या वेलबुट्टीच्या वळणात मातीची वाटी अलगद बसलेली होती, एका कडेला थोडी झडलेली. आत एक पीस होते.

"मी विकणार नव्हतो," एशजान म्हणाला. "वाहिनी दुरुस्त झाली की परत लावणार होतो. इथं ठेवला नसता तर दोन वर्षांत भुसा झाला असता. पोराचा खांब गेला तर दुसरा होईल. हा होणार नाही."

"आणि माझा माणूस?" सपरगुल म्हणाली. "तो गेला तर दुसरा होणार होता?"

एशजानने बाजूचे पोते उचलून त्याची घडी घातली. मग तो म्हणाला, "पहिल्या दिवशी सांगायला उभा राहिलो होतो. तेवढ्यात उस्ता गप्प बसले. मग मला वाटलं, एक दिवस थांबू. मग आणखी एक. सांगितलं असतं तर त्यांनी दुसऱ्याच दिवशी खांब परत त्या खारात उभा केला असता."

उस्ता मदरीम पुढे आले. वाकून त्यांनी जुन्या खांबावर तळहात ठेवला, आणि ह्या वेळी मागे घेतला नाही. त्यांचा आवाज निघाला तो घोगरा निघाला.

"एशजान, मला विचारलं असतंस तर मीच धिरे लावले असते. मीच उतरवून दिला असता. तुरुंगाचं मला काही नाही. पण दहा दिवस मी माझ्या पोराला चोर समजलो. खांब वाचला तुझा. हे कुठल्या कोठीत ठेवू?"

एशजानने किल्ली काढून बिकाजानच्या हातात दिली. तो रडत होता आणि ते लपवत नव्हता. रोझमतला त्याचा राग यायला हवा होता, तो आलाही, पण त्याच्याबरोबर दयाही आली. ह्या माणसाने शहराची वीट नि वीट ओळखली आणि त्यात राहणारे तेवढे विसरला.

*

गुरुवारी सुनावणी अर्ध्या तासात आटोपली. एशजान आधीच येऊन बसला होता, आणि त्याने सगळे स्वतःच्या तोंडाने सांगितले. उस्तांवरचा ठपका लेखी काढला गेला. एशजानचे काय करायचे ते राजधानीत ठरणार होते. समितीच्या अध्यक्षाने विचारले, जुना खांब परत कधी उभा करता? उस्तांनी सांगितले, चौकातली वाहिनी हलवल्याशिवाय मी त्याला हात लावणार नाही, आणि तसे माझ्या नावाने लिहून घ्या. त्या नावाला आता पुन्हा वजन होते, म्हणून ते लिहून घेतले गेले.

सगळे बाहेर पडले. ऊन वर आले होते. बिकाजान आणि सपरगुल बोलत पुढे गेल्या, नानांच्या पिठाबद्दल. रोझमत मागे रेंगाळला, कारण पायऱ्यांवर उस्ता बसले होते आणि दोन पायऱ्या खाली जुमानझर. दोघांची तोंडे रस्त्याकडे होती.

जुमानझरने मागे न बघता विचारले, "उस्ता, तुम्ही खरंच मला चोर समजलात?"

"समजलो," उस्ता म्हणाले. "तू?"

"मीपण."

"तरी आज मी केलं म्हणून सांगणार होतास, असं बिकाजान म्हणाली."

"तुम्हीपण तुरुंगात जाणार होतात."

उस्तांनी हात पुढे करून त्याच्या खांद्यावर ठेवला. बोटे थोडा वेळ चाचपत राहिली, लाकूड तपासताना राहत तशी.

"जाणार होतो," ते म्हणाले. "ऊठ आता, भूक लागलीय."